शंभर किलोमीटर, चौघांनी मिळून

हाँगकाँगच्या मॅकलेहोज ट्रेलवर साधारण नोव्हेंबरात होणाऱ्या ‘ऑक्सफॅम ट्रेलवॉकर’चा नियम साधा आहे. चौघांचा संघ, १०० किलोमीटर, ४८ तास, आणि चौघांनी पूर्ण वाट बरोबर चालायची. १९८१ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा सिग्नल्सच्या जवानांचा सराव म्हणून हे सुरू झालं. १९८६ पासून सामान्य नागरिकांनाही प्रवेश मिळाला आणि आज ऑक्सफॅमच्या गरिबीविरोधी कामासाठी यातून निधी उभा राहतो. पुढे इतर देशांनी ही कल्पना उचलली. आपल्याकडे बंगळुरूला आणि मुंबईच्या नावाने कर्जत परिसरातही गेल्या दशकात ट्रेलवॉकर भरत असे, त्यामुळे सह्याद्रीतल्या बऱ्याच भटक्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. हे टिपण हाँगकाँगची मूळ वाट करू पाहणाऱ्यांसाठी आहे, पण चौघांनी मिळून करायच्या कुठल्याही लांब पल्ल्याला ते लागू पडेल.

संघ जमवताना सगळ्यात वेगवान चौघं शोधू नका. साधारण सारख्या चालीची आणि दुखलं तर लगेच सांगणारी माणसं घ्या. ‘काही नाही, चला’ म्हणत पाच किलोमीटर रेटणारा माणूस संघाला सर्वात महाग पडतो, कारण त्याची लहानशी फोड पुढे चौघांचे दोन तास खाते. शिवाय संघातला सर्वात हळू माणूस रात्रभरात बदलत राहतो. पहिल्या वीस किलोमीटरला मागे पडणारी मैत्रीण पहाटे तीन वाजता इतर तिघांना ओढून नेते, असं बऱ्याचदा घडतं. म्हणून ‘ही आपली हळू चालणारी’ असा शिक्का कुणावरही मारू नका. त्या घडीला जो दमलाय तो पुढे, त्याच्या चालीने सगळे, आणि शेवटी अनुभवी माणूस. कुणीही हाकेच्या पलीकडे जायचं नाही. घड्याळ एकाच्या हाती द्या. चेकपॉइंटवरून ‘उठा’ तो म्हणाला की सगळ्यांनी उठायचं, वाद नाही.

निधीचं काम सरावाच्या आधी सुरू करा. प्रत्येक संघाला ठरावीक किमान रक्कम जमवावी लागते, आणि शेवटच्या महिन्यात पाय आणि पैसा दोन्हीकडे लक्ष देणं जमत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच संदेश टाकून फारसं काही येत नाही. एकेका माणसाला फोन करा, पैसा कुठे जाणार ते दोन वाक्यांत सांगा. देणगी थेट संस्थेच्या अधिकृत पानावर जाऊ द्या, आपल्या खात्यात गोळा करू नका. सरावात आलेल्या अडचणी देणगीदारांना कळवत राहा. लोक खुशीने देतात, पण त्यांना पुढे काय झालं ते ऐकायचं असतं.

आता वाट. आकड्यांवरून ती सोपी वाटेल. सर्वात उंच ताय मो शान ९५७ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही कमी. पण तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघता, पुळणीवर उतरता, पुन्हा चढता, आणि शेवटपर्यंत चढाईची बेरीज ४५०० मीटरच्या आसपास जाते. वाटेचे दहा टप्पे आहेत. सुरुवात साय कुंगमधल्या पाक ताम चुंगला, शेवट ट्युएन मूनला. दर ५०० मीटरला क्रमांकाचा खांब आहे आणि शेवटचा क्रमांक २००. हे खांब फार उपयोगाचे आहेत. थकल्यावर ‘अजून चाळीस किलोमीटर’ हा विचार सोडा, पुढच्या खांबापर्यंतचंच बघा. मदत लागली तरी जवळच्या खांबाचा क्रमांक सांगा.

पहिला टप्पा धरणाच्या कडेने डांबरी रस्त्याचा आहे. तिथे पाय शिवशिवतात आणि संघ धावत सुटतात. आवरा. चौथा टप्पा मा ऑन शानच्या अंगाने १२.७ किलोमीटरचा आहे, आणि बहुतेक संघांची पहिली खरी परीक्षा इथे होते. काम शानच्या भागात माकडं आहेत. आपल्या गडांवरचा अनुभव असेलच, खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका. सातव्या टप्प्यातली नीडल हिल ५३२ मीटरची, नावासारखीच टोकदार, आणि तिच्या पायऱ्या नेमक्या गुडघे बोलायला लागतात तेव्हा समोर येतात. ताय मो शानवर वारा आणि गारठा असतो, वर पोहोचण्याआधीच जॅकेट चढवा. शेवटचा टप्पा १५.६ किलोमीटरचा, बराचसा सपाट, काँक्रीटचा, कालव्याच्या कडेने. माझ्या मते सगळ्यात कठीण हाच. चढ नसल्याने चालीत बदल होत नाही आणि तळव्याचा तोच भाग पुन्हा पुन्हा आपटत राहतो.

सरावासाठी सह्याद्रीसारखी जागा नाही. रात्रीचं कात्रज ते सिंहगड सलग चढउतार शिकवतं. लोणावळा-राजमाची-कोंदिवडे ही वाट चौघांनी हेडटॉर्चवर करा, तेव्हा एकमेकांचा खरा वेग कळेल. पण आपल्या वाटा मातीच्या, मुरमाच्या, घसाऱ्याच्या. मॅकलेहोजवर काँक्रीट आणि पायऱ्या भरपूर. त्यासाठी पुण्यात पर्वती आहे, मुंबईत इमारतीचे जिने आहेत. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा, कारण मांड्या भरून येतात त्या उतारामुळे. शनिवारी लांब चाला आणि रविवारी थकल्या पायांनी पुन्हा निघा. पावसाळ्यात घरी बसू नका. ओल्या मोज्यांत आपले पाय कसे वागतात ते तेव्हाच कळतं. महिनाभर आधी एकदा पन्नासेक किलोमीटर सलग करा, मग हळूहळू अंतर कमी करत जा.

पायांकडे मात्र जिवापाड लक्ष द्या. टाचेच्या कडेला किंवा अंगठ्याखाली चटका जाणवतो तेव्हा कातडी फक्त लाल झालेली असते. तिथेच थांबा. बूट काढा, मोजा उलटा करून झटका, पाय पुसून पूर्ण कोरडा करा. कापडी चिकटपट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा, कारण चौकोनी कोपरा मोज्यात अडकून सोलतो. सुरकुती न पडू देता ती बसवा आणि तळहाताने दाबून थोडी ऊब द्या. व्हॅसलीन लावायचं असेल तर पट्टीनंतर आणि पट्टीच्या बाहेर, नाहीतर ती चिकटत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढा वेळ उरलेल्या तिघांनी कुरकुर न करता उभं राहायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

खाणं भूक लागण्याआधी. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. रात्री गोड नकोसं होतं, तेव्हा खारं जवळ हवं. साय कुंगच्या पाक ताम आऊ किंवा के लिंग हासारख्या ठिकाणी वाट मोटाररस्त्याला भेटते. नियमात बसत असेल तर आपली मदतनीस मंडळी तिथे गरम भात घेऊन उभी राहू शकतात. नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. जलसंजीवनी प्रमाणात आणि तहानेनुसार घ्या. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर चालणं थांबवून थेट वैद्यकीय तंबू गाठा.

थांबण्याचा निर्णय कसा घ्यायचा, तेही घरीच ठरवा. चक्कर, छातीत दुखणं, तोल जाणं, यांपैकी काही दिसलं तर मत घ्यायचं नाही. त्या माणसाला चेकपॉइंटवर नोंद करून थांबवा, त्याच्याजवळ कुणीतरी आहे याची खात्री करा, आणि उरलेल्यांनी पुढे जावं की नाही ते तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा. रस्त्यात एकट्याला सोडून कुणीही पुढे जाऊ नये. जमवलेली देणगी तुम्ही ७० किलोमीटरला थांबलात तरी गरजूंपर्यंत पोहोचते.

स्पर्धेची नावनोंदणी काही महिने आधीच होते. तेव्हा चौघांची नावं या आठवड्यात ठरवा आणि येत्या शनिवारी रात्री एकत्र चालून बघा.