अकरावीच्या भाचीला, उधन्याच्या मामाकडून

पोरी, गतीचा धडा तुला समजत नाही असं मुळीच नाही. तुला घाई नडते. जन्म रेल्वेच्या कंट्रोलात गेलेल्या मामाचं एवढं ऐकून ठेव. नाही पटलं तर आईकडे तक्रार कर, ती तुझीच बाजू घेईल.

१. गणित वाचताना आधी एककांखाली पेन्सिलीनं रेघ ओढ, आकड्यांकडे मग बघ — एक आकडा किलोमीटरचा आणि दुसरा मिनिटांचा निघाला, की कागद हसतो आणि उत्तर रडतं.

२. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला ५/१८ नं गुण, परत यायला १८/५ नं — ३६ चे १० एवढं एक पाठ असलं तरी कुठला अपूर्णांक घ्यायचा ते कळतं.

३. आलेलं उत्तर गाडीला शोभतं का ते बघ. सुरत ते मुंबई सेंट्रल २६३ किलोमीटर, समज साडेचार तासांत कापले. ताशी ५८, म्हणजे सेकंदाला १६ मीटर — अपूर्णांक उलटा लावलास तर २०९ येतात, आणि या मार्गावरची फ्लाइंग राणी गाडी खरोखरच उडते.

४. साडेचार तास म्हणजे ४.५, ४.३० नव्हे — घड्याळ साठाचं, दशांश दहाचा.

५. घनाचं एकक बदलताना तीनदा गुणायचं. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटलं आणि सुरत बुडालं, हे घरात ऐकलंच असशील. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक फूट ०.३०४८ मीटर, तीनदा गुणलं की सेकंदाला २५ हजारांवर घनमीटर होतात — एकदाच गुणून थांबलीस तर पावणेतीन लाखांच्या घरात जाशील, आणि तेवढं पाणी सरासरीनं ॲमेझॉनलाही नसतं.

६. सुरतेतल्या वराछाचा एक कॅरेटचा हिरा २०० मिलिग्रॅमचा. किलोग्रॅममध्ये लिहिताना शून्यं मोजत बसू नकोस, २ × १०⁻⁴ लिही — शून्यांच्या रांगेत डोळा एखादं गिळतोच.

७. आधी अक्ष वाच, मगच रेघेला हात लाव — स्थान-काल आलेखात आडवी रेघ म्हणजे गाडी उभी, वेग-काल आलेखात तीच रेघ म्हणजे गाडी एकाच वेगानं चाललेली.

८. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे, खाली येणारी रेघ म्हणजे घाट उतरणं नव्हे. आमच्या कंट्रोलच्या तक्त्यावर आडवी वेळ आणि उभी स्टेशनं असत; उधना-जळगाव मार्ग एकेरी होता तेव्हा समोरासमोरच्या गाड्यांच्या रेघा स्टेशनावरच छेदायला हव्यात यावर आम्ही डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचो — दोन स्टेशनांच्या मधे छेदल्या, तर तो आलेख नाही, अपघात.

९. शून्य कुठे आणि अधिक दिशा कुठली, हे पहिल्या ओळीतच लिहून टाक. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. तिथं शून्य धर, नंदुरबारकडे अधिक, उधन्याकडे उणे. आता सोनगडहून नवापूरकडे येणाऱ्या गाडीचं स्थान उणे, पण वेग अधिक — गाडी कुठे आहे आणि कुठे चालली आहे, हे दोन वेगळे प्रश्न. इथं वर्गातली अर्धी पोरं घसरतात, तू सावकाश जा.

१०. चढ काढायला रेघेवरचे दोन लांबचे बिंदू घे, आणि एक चौकट किती सेकंदांची नि किती मीटरांची ते कोपऱ्यात लिही — बिंदू जवळजवळ असले की वाचनातली बारीकशी चूकही चढ बिघडवते.

११. वेग-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. अक्षाखालचा भाग वजा होतो, मात्र एकूण अंतर विचारलं तर तोही मिळवायचा. क्षेत्रफळाआधी दोन्ही अक्षांवरची वेळ एकाच एककात आण. ताशी ६० नं १० मिनिटं म्हणजे १० किलोमीटर, ६०० नव्हेत — ६०० मध्ये तर उधन्याहून निघालेली गाडी भुसावळही मागे टाकेल.