स्क्रू कॉम्प्रेसरचे नियंत्रण आणि विजेचा हिशेब

दादर स्थानकात लोकल उभी राहिली की डब्याच्या खालून अधूनमधून घरघर ऐकू येते व थोड्या वेळाने ती आपोआप थांबते. ब्रेकसाठी लागणारी हवा टाकीत भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा तो आवाज होय. टाकीतील दाब ठरलेल्या खालच्या मर्यादेपर्यंत उतरला की गव्हर्नर नावाची कळ मोटर सुरू करते आणि वरची मर्यादा गाठताच ती बंद करते. लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळांत रंगाच्या फवारणीसाठी जे छोटे कॉम्प्रेसर वापरतात, त्यांतही हीच पद्धत असते. नियंत्रणाचा हा सर्वांत साधा प्रकार आहे.

मोठ्या कारखान्यात मात्र एवढ्याने भागत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८७९ मध्ये परळला उभारलेला व पुढे मध्य रेल्वेकडे आलेला कारखाना, किंवा पश्चिम रेल्वेचा लोअर परळचा कारखाना, यांसारख्या ठिकाणी ब्रेकची चाचणी, हवेवर चालणारी हत्यारे, साफसफाई, रंगकाम अशा अनेक कामांना संपीडित हवा लागते. तिची मागणी क्षणोक्षणी बदलते. पन्नास-साठ किलोवॅटची मोटर दर दोन मिनिटांनी सुरू-बंद केली, तर प्रारंभीच्या जादा विद्युतप्रवाहाने तिची वेटोळी तापून जळतील. तेव्हा मोटर फिरती ठेवून हवा घेणे तेवढे थांबवावयाचे, हा मार्ग स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये स्वीकारलेला आहे.

या यंत्रात एकमेकांत गुंतून फिरणारे दोन मळसूत्री दंड असतात. त्यांच्या खाचांत शिरलेली हवा पुढे सरकता सरकता आकुंचन पावते. स्वीडनमधील अभियंता आल्फ लिशोल्म यांनी १९३० नंतरच्या दशकात या रचनेला व्यवहार्य रूप दिले. बहुतेक यंत्रांत दंडांवर तेलाचा फवारा सोडलेला असतो. ते तेल उष्णता शोषते, फटी बुजवते आणि वंगणाचेही काम करते. पुढे विलगक टाकीत तेल व हवा वेगळी होतात.

आता नियंत्रणाचा क्रम पाहू. बटण दाबले की मोटर प्रथम स्टार जोडणीत फिरू लागते. त्या वेळी हवा आत घेणारी झडप बंद असते, त्यामुळे मोटरवर भार येत नाही. काही सेकंदांनी जोडणी डेल्टा होते, विद्युतचुंबकी झडपेला प्रवाह मिळतो, प्रवेशझडप उघडते आणि हवा भरू लागते. विलगकाच्या तोंडाशी किमान दाबाची झडप असते. आत साधारण चार किलोचा दाब झाल्याशिवाय ती हवा बाहेर सोडत नाही, कारण तेल फिरते ठेवणारा पंप सहसा नसतो, हा दाबच ते काम करतो. वाहिनीतील दाब वरच्या मर्यादेला, समजा साडेसात किलोला, पोहोचला की प्रवेशझडप मिटते आणि विलगकातील हवा बाहेर सोडली जाते. यंत्र निर्भार फिरू लागते. दाब साडेसहावर उतरला की पुन्हा भरणी सुरू होते. बराच वेळ मागणी आलीच नाही, तर नियंत्रक मोटर थांबवतो आणि दाब उतरताच स्वतः सुरू करतो. म्हणूनच थांबलेल्या यंत्रावर मुख्य वीजपुरवठा तोडल्याशिवाय हात घालू नये. पुरवठ्याच्या फेजचा क्रम उलटला तर दंड उलटे फिरून थोड्याच वेळात निकामी होऊ शकतात. यासाठी फेजक्रम तपासणारा रिले असतो. दुरुस्तीच्या वेळी तो वगळून यंत्र चालवणे हा शुद्ध आततायीपणा होय.

तापमानाचे नियंत्रण मुंबईत विशेष महत्त्वाचे आहे. तीस अंश सेल्सियस तापमानाला व ऐंशी टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. मिनिटाला १० घनमीटर हवा ओढणारे यंत्र ताशी १४ किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने आत घेते. सात किलो दाबाला ही वाफ सदुसष्ट अंशांच्या आसपासच पाणी होऊ लागते. तेल याहून थंड राहिले तर पाणी तेलातच साचते, वंगण बिघडते आणि धारवे गंजतात. म्हणून तेलाच्या वाटेवर तापनियंत्रक झडप बसवतात. तेल पुरेसे तापेपर्यंत ती त्याला शीतकाकडे जाऊ देत नाही. उलट तापमान फार चढून ११० अंशांच्या घरात गेले, तर नियंत्रक यंत्र बंद करतो. पावसाळ्यात थोडा थोडा वेळ चालणारे, भरपूर क्षमतेचे यंत्र लवकर का बिघडते, याचे उत्तर येथे सापडते. मोठे यंत्र घेतले म्हणजे निश्चिंती, ही खरेदी समित्यांची समजूत महाग पडते.

विजेचा हिशेबही तसाच आहे. निर्भार फिरतानाही यंत्र पूर्ण भाराच्या पाव ते एक-तृतीयांश वीज खाते. ५५ किलोवॅटचे यंत्र रोज चार तास निर्भार फिरले आणि त्या वेळी १८ किलोवॅट घेतले, तर दिवसाला ७२ आणि ३०० दिवसांत २१,६०० युनिटे हवेचा एक थेंबही न देता खर्च होतात. दाबाची मर्यादा एका किलोने वाढवली की वीज सहा-सात टक्क्यांनी वाढते. तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून सात किलो दाबाला मिनिटाला सुमारे अर्धा घनमीटर हवा निसटते. ती भरून काढण्यास तीन किलोवॅटच्या आसपास वीज लागते.

मोटरचा वेगच मागणीनुसार कमी-जास्त करणारी इन्व्हर्टर यंत्रणा आता उपलब्ध आहे. मागणी चढउताराची असेल तेथे ती किमतीचा मोबदला देते. दिवसभर पूर्ण भाराने चालणाऱ्या यंत्राला तिचा लाभ नाही, किंबहुना थोडी वीज जास्तच लागते. दोन-तीन यंत्रे असतील तर एकाने सतत पूर्ण भार उचलावा, दुसऱ्याने चढउतार सांभाळावा आणि दाबाच्या मर्यादा त्याप्रमाणे पायरीपायरीने लावाव्यात. दोन्हींना सारख्याच मर्यादा दिल्या की ती एकाच वेळी भरतात आणि एकाच वेळी निर्भार होतात.

आधुनिक नियंत्रकाच्या पटलावर दोन तासमोजण्या असतात. एक एकूण चाललेल्या तासांची, दुसरी भाराखाली चाललेल्या तासांची. नव्या यंत्राची मागणी टेबलावर आली असता संबंधित अधिकाऱ्याने जुन्या यंत्राचे हे दोन आकडे आधी मागवावेत. पहिला ६,००० आणि दुसरा ३,००० असेल, तर अर्धा वेळ यंत्र निर्भार फिरले. तेथे प्रथम गळती शोधावी आणि दाबाच्या मर्यादा तपासाव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून हे आकडे महिनाभर रोज नोंदवून घेता येतील. त्यासाठी वही आणि पेन्सिल एवढेच साहित्य लागते.