सह्याद्रीतून सहा हजार मीटरकडे

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून वर जाता येत नाही. लेहला विमानातून उतरतो, तेव्हा आपण एक पाऊलही न चालता कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर पोचलेले असतो.

सह्याद्रीत तयार झालेला भटक्या पहिल्यांदा सहा हजार मीटरचं शिखर करायचं म्हणतो, तेव्हा तयारीचे दोन वेगळे हिशेब मांडावे लागतात. पाय, पाठ, दमसास, दोराची सवय, दिवसभर ओझं घेऊन चालण्याचा चिवटपणा हे सगळं आपल्या डोंगरांत घडतं आणि उत्तम घडतं. विरळ हवेची सवय मात्र इथे कितीही गड चढून होत नाही. ती वर गेल्यावरच होते आणि तिला दिवस द्यावे लागतात. पहिल्या हिशेबात घाम गाळणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्यात रजा वाचवायला बघणारेही तितकेच भेटतात, आणि बहुतेक मोहिमा तिथेच फसतात.

उदाहरणादाखल लडाखचं कांग यात्से-२ घेऊ. उंची ६२५० मीटर. स्टोक कांगरी २०२० मध्ये गिर्यारोहकांसाठी बंद झाल्यावर पहिल्या सहाहजारीसाठी अनेकांची पावलं इकडे वळली. बेस कॅम्प साधारण ५१०० मीटरवर, म्हणजे शिखराच्या दिवशी एका दमात ११५० मीटरची चढाई. आतकरवाडीतून सिंहगड चढताना सुमारे ६०० मीटर उंची गाठतो. तेव्हा जवळपास दोन सिंहगड लागोपाठ, तेही मध्यरात्री निघून, पायांत जड बूट आणि क्रॅम्पॉन घालून. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेच असतं, पण दाबच निम्मा झाल्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्मा होतो. आणि शिखरावर पोचलं की तेवढंच उतरायचं असतं.

शरीराच्या तयारीला निदान चार-पाच महिने हवेत. सिंहगडावर रविवारी पहाटे घड्याळ लावून चढणारे खूप असतात. किती मिनिटांत वर पोचलो, याची चुरस लागते. हौस म्हणून ती छान आहे, पण उंचावरच्या चढाईला लागतो तो दम वेगळा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने, न थांबता, तासन्‌तास चढत राहणं हा या तयारीचा पाया. आठवड्यातला बहुतेक सराव याच वेगाने व्हावा. धाप लागेल असा जोरकस चढ आठवड्यातून एकदा पुरे.

सॅकचं वजन हळूहळू वाढवत न्यावं. सहा-सात किलोंपासून सुरुवात करून शेवटच्या महिन्यापर्यंत पंधराच्या आसपास जावं. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भराव्यात आणि वर पोचल्यावर ते पाणी झाडांना घालावं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. उतरण्याचा सराव मात्र टाळू नका. शिखरावरून परतताना दमलेल्या मांड्या सोडून देतात, आणि घसरून पडण्याचे प्रसंग बरेचदा तेव्हाच येतात. महिन्यातून एकदा लागोपाठ दोन मोठे दिवस काढावेत. शनिवारी रात्री कात्रज-सिंहगड केलं असेल, तर रविवारी संध्याकाळी झोप काढून पुन्हा तासभर चालायला बाहेर पडा. राजगड-तोरणा एका दिवसात पुरा करून दुसऱ्या दिवशी ओझं घेऊन एखादी टेकडी चढा. दमलेल्या पायांनी चालायची सवय लागते ती अशीच. मुंबईकरांना दर आठवड्याला घाट गाठणं जमत नाही. त्यांनी इमारतीचे जिने धरावेत. वीस मजल्यांचा जिना ओझं घेऊन वर-खाली करणं कंटाळवाणं आहे खरं, पण शिखराच्या रात्रीही पुढच्याच्या बुटांपलीकडे फारसं काही दिसत नसतं. तो कंटाळा सोसण्याचीही तयारी लागते.

व्यायामशाळेत आठवड्यातून दोन दिवस एका पायावरचे व्यायाम करावेत. उंच पायरीवर चढणं-उतरणं, लंजेस, पोटऱ्यांचे व्यायाम आणि जोडीला पोट-कंबरेचे. निघण्याआधीचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणा. थकलेलं शरीर घेऊन लेहला जाण्यात काहीच शहाणपण नाही.

सुरुवातीलाच, म्हणजे चार-पाच महिने आधी, रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन या दोन चाचण्या महत्त्वाच्या. उंचीवर शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करू लागतं, त्यासाठी लोह लागतं, आणि कमी पडलेलं लोह भरून यायला महिने जातात. आपल्याकडे स्त्रियांमध्ये ही कमतरता फार आढळते, म्हणून मैत्रिणींना हे आग्रहाने सांगते. चाळिशीपुढच्यांनी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून डॉक्टरांची परवानगी घ्यावी. निघताना सर्दी-खोकला किंवा छातीत कफ असेल, तर तारीख पुढे ढकला. श्वसनाच्या संसर्गामुळे उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो.

आता दुसरा हिशेब. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा, असा वैद्यकीय संकेत आहे. दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला येणं उत्तम. कांग यात्सेला जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक मारखा खोऱ्यातला, स्क्यू, मारखा, थाचुंगत्से, निमालिंग असा सावकाश चढत जाणारा. दुसरा चोगदोकडून कोंगमारू-ला ही खिंड ओलांडून थेट येणारा, दिवस वाचवणारा. पहिलाच धरा, असं माझं ठाम मत आहे. मारखा खोऱ्यात जव आणि मोहरीच्या शेतांमधून चालता चालता शरीर आपोआप उंचीला रुळतं. त्याआधी लेहमध्ये दोन-तीन रात्री काढाव्यात. पहिला दिवस निव्वळ विश्रांतीचा, शांतिस्तूपाच्या पायऱ्यासुद्धा दुसऱ्या दिवशी. जाहिरातीत कमी दिवसांची सहल स्वस्त दिसते आणि रजेतही बसते. पण मधले दोन दिवस गाळले, तर त्यांची भरपाई कुठलाही व्यायाम करत नाही. उलट, पायांत ताकद असलेला तरुण वेगाने वर जातो आणि आधी आजारी पडतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती जाणवली तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. थांबूनही वाढली, तर खाली उतरायचं. दोन गोष्टी मात्र जीवघेण्या आहेत. बसल्या जागी धाप लागणं, खोकला येणं, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी पडणं म्हणजे फुप्फुसात पाणी होऊ लागलं आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, तर मेंदूला सूज आली आहे. संशय आला की त्याला सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत चालायला लावा. जमलं नाही, तर रात्र असो की बर्फ, ताबडतोब खाली न्या. डायमॉक्सची गोळी शरीराला रुळायला मदत करते. ती डॉक्टरांना विचारून, शक्यतो घरी एकदा घेऊन पाहावी, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं. झोपेच्या गोळ्या आणि दारू पूर्ण वर्ज्य. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा दर तासाला बघून घाबरू नका. माणूस कसा चालतो, बोलतो, जेवतो, ते बघा.

बर्फावरचं तंत्र शिकायला संस्थेसारखी जागा नाही. दार्जिलिंगचं हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून, मनालीची संस्था १९६१ पासून आणि उत्तरकाशीचं नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून प्रशिक्षण देत आहे. तिथला प्राथमिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो. जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज बराच आधी करावा. नोकरीतून महिनाभर सुटणं अवघड, हे कळतं. तरीही ज्यांना सहा हजारांच्या पुढेही जायचंय, त्यांनी एकदा ते करावंच. घसरल्यावर आइस अ‍ॅक्स बर्फात रुतवून स्वतःला थांबवणं व्हिडिओ बघून येत नाही. ते बर्फाच्या उतारावर पुन्हा पुन्हा घसरूनच अंगात भिनतं. मात्र शिकलेल्यालाही डोंगर सवलत देत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर नेहरू इन्स्टिट्यूटच्याच तुकडीवर हिमस्खलन कोसळलं. मृतांमध्ये त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली सविता कंसवाल ही प्रशिक्षकही होती.

सामानात सगळ्यात आधी बूट. या उंचीला दुहेरी बूट लागतात, बाहेर कडक कवच आणि आत काढता येणारा उबदार बूट. रात्री आतला बूट झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपायचं, म्हणजे मध्यरात्री गोठलेल्या बुटात पाय घालावा लागत नाही. हे बूट महाग आहेत. पहिल्या मोहिमेला लेह किंवा मनालीत भाड्याने घेणं योग्य, पण निघायच्या आदल्या संध्याकाळी दुकानात जाऊ नका. मोहिमेत घालणार तेच जाड मोजे घालून बूट बघा, उतारावर उभं राहून बोटं पुढे टेकत नाहीत ना ते तपासा. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि हिमदंश होतो. पायाची नखं निघण्याच्या दोन दिवस आधी कापा.

क्रॅम्पॉन बुटांसोबतच निवडावेत. पट्ट्यांनी बांधायचे क्रॅम्पॉन कुठल्याही कडक बुटावर बसतात, पण क्लिपने अडकवायच्यांना बुटाच्या टाचेला, आणि काहींना पुढेही, खाच लागते. बूट आणि क्रॅम्पॉन घोडा आणि खोगिरासारखे एकमेकांच्या मापाचेच हवेत. दुकानातच बसवून पाय जोरात झटका. हलले तर बदला. खाली बर्फ चिकटून गोळा होऊ नये म्हणून पट्टी असते, ती आहे ना ते बघा. मग घरी हातमोजे घालून, अंधारात, ते काढण्या-घालण्याचा सराव करा. हेल्मेट, हार्नेस आणि स्क्रू कॅराबिनर मात्र विकतच घ्या. प्रस्तरारोहणाला ते इथेही लागतात आणि भाड्याच्या हार्नेसचं वय कुणाला ठाऊक नसतं. त्यावर यूआयएए किंवा सीईची खूण असावी. हार्नेसचे मांडीचे पट्टे जाड कपड्यांवर बसतील असे कमी-जास्त करता येणारे हवेत.

कपड्यांत सुती काही नको. घामाने भिजलेलं सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. अंगालगत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट आणि थांबल्यावर चढवायला सगळ्यावर बसेल असं टोपीचं डाउन जाकीट. हातांसाठी पातळ आतले मोजे, त्यावर जाड मिटन, आणि आतल्या मोज्यांची एक जादा जोडी. वाऱ्यात एक मोजा उडून गेला, तर बोटं गमावण्याची वेळ येते. म्हणून मिटनला दोरी लावून ती मनगटात अडकवा.

गॉगलवर पैसे वाचवू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. काच चौथ्या श्रेणीची आणि बाजूंनी झाकलेली असावी. हिमांधत्वाची आग काही तासांनी, रात्री तंबूत सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. चष्मा वापरणाऱ्यांनी नंबरच्या काचा आधी करून घ्याव्यात. झोपण्याच्या पिशवीवर एकाहून जास्त तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं आरामाचं तापमान बघा. जीव कसाबसा वाचेल असं टोकाचं तापमान झोप देत नाही. खाली दोन चटया हव्यात, कारण थंडी जमिनीतून जास्त येते.

बेस कॅम्पवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ कुकरशिवाय शिजत नाही. वर भूक मरते, तेव्हा आवडीचंच खाल्लं जातं. मेतकूट, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी सोबत असली की दोन घास भात जातो. शिखराच्या रात्री खजूर, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या आतल्या खिशात ठेवा आणि दर तासाला थोडं खा. पाणीपिशवीची नळी गोठते. म्हणून रुंद तोंडाची बाटली गरम पाण्याने भरून सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, तेव्हा झाकण मोकळं राहतं. टॉर्चचे सेल अंगाशी ठेवा.

परत फिरण्याची वेळ बेस कॅम्पवर, डोकं शांत असताना सगळ्यांनी मिळून ठरवावी. ऊन चढलं की बर्फ मऊ होतो आणि हिमभेगांवरचे पूल कमकुवत होतात, त्यामुळे ती वेळ सकाळचीच असते. एक जण आजारी पडला तर त्याच्यासोबत उतरायला गाईड हवा आणि बाकीच्यांसोबत वर जायला दुसरा. म्हणून आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारा: शिखराच्या दिवशी किती गाईड, ऑक्सिजनचं सिलिंडर कुठल्या कॅम्पवर, हवामान बिघडल्यास राखीव दिवस आहे का, आणि अडचणीत लेहपर्यंत निरोप कसा पोचतो. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे, तेव्हा तो आहे असं कुणी सांगितलं तर परवान्याचं विचारा. विम्याच्या कागदांवर किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे, तेही वाचा. बऱ्याच साध्या प्रवासविम्यांत गिर्यारोहण वगळलेलं असतं.