बंदीच्या दिवसांत दारातली भाजी

1 जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते आणि 31 जुलैपर्यंत मिरकरवाडा बंदरातल्या नौका शाकारून उभ्या राहतात. रोजचा पैसा थांबतो, आणि नेमकी याच दिवसांत बाजारातली भाजी महागते. रत्नागिरीची बरीचशी भाजी कोल्हापूरकडून घाट उतरून येते. दरड कोसळली की ट्रक वरच अडकतात. जुलै 2021च्या अतिवृष्टीत आंबा घाटाचा रस्ता खचला आणि अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली, ते दिवस इथल्या गृहिणींना आठवत असतील. म्हणून रोहिणी नक्षत्र चालू असतानाच, म्हणजे पंचवीस मे ते सात जूनच्या दरम्यान, घरापुरत्या भाजीची तयारी करावी असा आमचा आग्रह आहे. अंगण नसलं तरी चालेल. गच्ची, पडवी, जिन्याची कडा, दारासमोरची दोन हात जागा पुरते. बियाणंही बहुतेक स्वयंपाकघरातच असतं.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. गाजराचा किंवा मुळ्याचा शेंडा पाण्यात ठेवला की हिरवा पाला फुटतो, हे खरं; त्याला पुन्हा गाजर येत नाही. दोडका, भेंडी आणि काकडी आपण कोवळी खातो, त्यांचं बी अपक्व असतं, ते रुजणार नाही. बटाट्याला पोसायला थंड रात्री लागतात, आपल्या पावसाळ्यात त्याच्या मागे लागू नये. मोबाईलवरची चित्रं पाहून हिरमोड करून घेण्यापेक्षा या किनाऱ्याला, या हवेत जे मानवतं तेच लावावं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे आलं. टोपलीतल्या आल्यातून टणक, सुरकुत्या न पडलेले, फुगीर डोळे असलेले कंद निवडा. बोटाने दाबल्यावर मऊ लागला किंवा वास आला, तर तो कंद लावू नका, कारण कंदकूज त्याच्यातूनच मातीत येते आणि मग त्या मातीत पुढे आलं धड होत नाही. दोन डोळे असलेला पंचवीस-तीस ग्रॅमचा तुकडा मोडा, कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि डोळे वर ठेवून दोन बोटं खोल लावा. कोंब मातीवर दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. हळदीची रीत हीच. अळकुड्या तर याहून सोप्या: कोंब फुटलेली एक अळकुडी लावली की श्रावणात फदफद्यापुरती पानं मिळतात, आणि अळवाला ओल जास्त झाल्याची तक्रार नसते.

वेलबोंडी, म्हणजे मायाळू, जुडीतून आणली असेल तर पानं भाजीला घ्या आणि जाड देठाचे वीतभर तुकडे ओल्या मातीत खोचा. पावसाळी हवेत आठवड्याभरात मुळं धरतात. पुदिन्याची काडी पेराच्या खाली कापून, खालची पानं काढून पाण्यात उभी करा. पाणी एक दिवसाआड बदललं तर आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. मग कुंडीत लावा, पण वेगळ्या कुंडीत, कारण पुदिना शेजाऱ्याला जागा ठेवत नाही. कोंब आलेला कांदा आणि लसणीच्या पाकळ्या पातीसाठी लावाव्यात. पात दोन-तीनदा कापता येते, गड्ड्याची आशा धरू नये.

आता बियांचं. डब्यातली चवळी, धणे, मेथी, मोहरी हे सगळं बीच आहे, फक्त जिवंत आहे की नाही ते पाहून घ्यायचं. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. निम्म्याहून जास्त रुजले तरच पेरा. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात. कोथिंबीर मात्र पत्र्याखालीच लावावी, जूनच्या सरी तिला झोपवतात. लाल भोपळ्याचं बी पक्व असतं, म्हणून तो या यादीत पहिला. कारलं वेलावरच पिकून केशरी झालं तरच त्याचं बी घ्यावं. माठाच्या रोपांपैकी दोन-तीन चांगली रोपं न उपटता राखली, तर पुढच्या वर्षाचं बी घरचंच होतं.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं आताच करायची का, असं बरेच जण विचारतात. आमचं उत्तर नाही असं आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात ही रोपं बुडाशी कुजतात. आम्लधर्मी मातीत जिवाणूजन्य मर रोगाने उभं झाड एका-दोन दिवसांत माना टाकतं. या तिघांचं बी हस्त नक्षत्रात, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाकावं आणि चार-पाच आठवड्यांची, वीतभर उंचीची रोपं लावावीत. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर फळं आईसारखी येतीलच असं नाही, हे लक्षात ठेवा. आता वेलभाज्यांचा काळ आहे: तवसं, शिराळी, पडवळ, कारली. यांचं बी विकत घ्यायचं असेल, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकणासाठीच काढलेल्या जाती मागून घ्या: कारल्यात कोकण तारा, शिराळ्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता, माठात कोकण दुरंगी.

वेलभाज्यांचं बीही थेट मोठ्या भांड्यात टाकण्याऐवजी आधी रोप करावं, कारण पहिल्या धुवाधार पावसात बी वाहून जातं किंवा कुजतं. दुधाच्या पिशव्या, चहाचे कागदी पेले, नारळाच्या करवंट्या, काहीही चालतं, बुडाला भोक हवं. माती आणि सुकं शेणखत निम्मं निम्मं घ्या, बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल टाका आणि पागोळीपासून दूर, उजेडात ठेवा. दोन खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट हलवा. वेलभाजीच्या मुळांना धक्का सोसत नाही.

मिरकरवाड्यात माती कमी, पण बाकीचं साहित्य बंदरावरच आहे. मोडके प्लास्टिकचे क्रेट आतून गोणपाट लावून उत्तम वाफे होतात. त्यांत समुद्राचं पाणी आणि बर्फाचं खारं पाणी मुरलेलं असतं, म्हणून पहिल्या दोन-तीन सरींत ते उघडे धुऊन निघू द्या. थर्माकोलच्या पेट्या शक्यतो टाळा, उन्हाने त्यांचे मणी सुटतात आणि पावसासोबत समुद्रात जातात. तळाला नारळाच्या सोडणांचे तुकडे अंथरले की पाणी निचरतं. भरण्यासाठी जांभ्याची लाल माती दोन वाटे, शेणखत किंवा कुजलेला पाला एक वाटा, काथ्याचा धुतलेला भुसा एक वाटा. वेल चढवायला फाटकं जाळं बांधा, पण ताणून, खाली लोंबू न देता. सैल जाळ्यात पक्षी आणि साप अडकून मरतात.

खताला इथे कमी नाही. सुक्या मासळी खतात नत्र चार ते दहा टक्के, स्फुरद तीन ते नऊ टक्के असतं. पालाश मात्र जेमतेम अर्धा-एक टक्का. जांभ्याच्या मातीत स्फुरद जखडून राहतं, म्हणून मासळीचे काटे तिथे उपयोगी पडतात, आणि पालाशाची उणीव चुलीची राख भरून काढते. मूठभर राख एका क्रेटला महिन्यातून एकदा पुरते. भाट्ये खाडीतल्या मुळ्यांची आणि कालवांची टरफलं कुटून मिसळली तर मातीची आम्लता हळूहळू उतरते.

ताजी आतडी, डोकी थेट मुळाशी टाकू नका. त्यांच्या उष्णतेने रोप जळतं आणि मांजरं, उंदीर रोज उकरतात. उंदरांमुळे पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो, म्हणून मातीत हात घालताना हातमोजे हवेत, पायाला जखम असेल तर जास्तच. त्यापेक्षा मासळीच्या कचऱ्याइतकाच गूळ घ्या, प्लास्टिकच्या डब्यात एकत्र करा, झाकण सैल ठेवून सावलीत तीन-चार आठवडे आंबू द्या. गाळून लिटरभर पाण्याला चहाचा अर्धा चमचा, पंधरा दिवसांतून एकदा. खारवलेल्या मासळीचं किंवा सुकटीचं धुवण मात्र एकाही झाडाला घालू नका.

मीठ हाच या वाड्याचा खरा शत्रू आहे. जोराचा नैर्ऋत्येचा वारा सुटला की तुषार पानांवर येतात आणि कडा करपतात. क्रेट भिंतीच्या पूर्वेला, आडोशाला ठेवा. वादळी दिवसानंतर पानं गोड्या पाण्याने धुवा. बऱ्याच शेंगभाज्यांना मीठ सोसत नाही. पालक आणि बीट एकाच कुळातले, त्यांना बऱ्यापैकी सोसतं, म्हणून समुद्राकडच्या बाजूला तेच लावावेत.

भोपळा फुलला तरी धरत नाही, ही तक्रार जुलैत येणारच. संततधारेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत. सकाळी नऊच्या आत नर फूल तोडा. त्याचा देठ सरळ, बारीक असतो. पाकळ्या काढून मधला पिवळा परागदांडा मादी फुलाच्या मध्यात अलगद फिरवा. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीच दिसतो, ओळखायला अडचण नाही. फळ सुपारीएवढं झालं की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा, नाहीतर फळमाशी आत अंडी घालते. शंखी गोगलगायी रात्री ओल्या गोणपाटाखाली जमतात. सकाळी गोणपाट उचलून वेचाव्यात. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाका, साचल्या पाण्यात डेंगीचा डास वाढतो.

रोपं आणि जातींविषयी शंका असेल तर भाट्याच्या पुलापलीकडे विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा. भोपळा, माठ, चवळी मृग लागल्यावर टाकलं तरी साधतं. आल्याला मात्र आठ-नऊ महिने लागतात, त्याचा उशीर भरून निघत नाही. ते पाऊस धरण्याआधी, याच आठवड्यात मातीत गेलं पाहिजे.