आज्ञावलीचे परके आधार

मूर्तिजापूर स्थानकावर मुंबई–नागपूर मार्गाच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर यवतमाळ व अचलपूर यांकडे जाणाऱ्या ‘शकुंतले’च्या रुळांमधील ७६२ मिलिमीटर होतें. म्हणून एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालत नसे. माल उतरवून पुन्हां भरावा लागे.

संकेतस्थळाच्या आज्ञावलीचेंहि असेंच आहे. ती इतरांनीं लिहिलेल्या लायब्रऱ्यांच्या आधारें चालते. एकीची आवृत्ति न जुळली कीं सारें काम अडतें. मार्च २०१६ मध्यें ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्यानें ‘एनपीएम’ या भांडारांतून काढून घेतली, आणि जगभर असंख्य आज्ञावलींची बांधणी थांबली.

अशा वेळीं विद्यार्थ्यांनीं गोंधळूं नये, असें आम्हीं सुचवितों. दोषसूचनांपैकीं पहिली नीट वाचावी. पुढच्या बहुधा तिच्यामुळेंच उद्भवतात. नुकतीच कोणती लायब्ररी बदलली तें शोधावें. पूर्वीं चालत असलेली आवृत्ति परत आणावी. मग एका वेळीं एकच बदल करून पडताळा पाहावा. जुळलेल्या आवृत्त्यांची नोंद ‘लॉक फाइल’मध्यें जपावी.

आपलें काम कोणाच्या श्रमांवर उभें आहे हें ठाऊक असणें, यांत शहाणपण आहे आणि कृतज्ञताहि.