लहान दुर्बिणीला दिसलेला प्रकाश

आपल्या मंडळात कथा-कवितांवर बोलणं नेहमीच होतं. आजचा पाठ आकाशाचा आहे. विज्ञान शाखेत नसलात तरी चालेल, थोडं सावकाश वाचा म्हणजे झालं.

प्रश्न काय आहे?

विश्वाचं वय सुमारे 13.8 अब्ज वर्षं. ते साधारण 3 लाख 80 हजार वर्षांचं झालं तेव्हा पुरेसं निवलं, आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू तयार झाले. तारे अजून जन्मायचे होते. म्हणून पुढचा काळ अंधाराचा. मग पहिले तारे पेटले, दीर्घिका तयार झाल्या आणि पहिल्या अब्जभर वर्षांत दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेतल्या जवळजवळ सगळ्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन पुन्हा सुटे झाले. याला पुनर्आयनीकरण म्हणतात.

हे केलं कोणी? पहिला संशय जातो तो भराभर तारे घडवणाऱ्या छोट्या दीर्घिकांवर. त्यांतले तरुण, वजनदार तारे अतिशय तापलेले असतात आणि तीव्र अतिनील प्रकाश टाकतात. 91.2 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवू शकतो.

अडचण कुठे आहे?

जो प्रकाश हे काम करतो तोच वाटेत खाल्ला जातो. आधी त्याच दीर्घिकेतला वायू आणि धूळ त्याला गिळतात. त्यातून सुटला तर वाटेतला हायड्रोजन आहेच. अगदी सुरुवातीच्या दीर्घिकांचा असा प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्यासारख्याच, पण जरा अलीकडच्या काळातल्या दीर्घिका शोधतात. तिथून हा प्रकाश बाहेर निसटतो का, हे पाहायचं असतं.

पुण्यातून लागलेला शोध

भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्यावर अतिनील प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणी आहेत, आरसा जेमतेम 37.5 सेंटिमीटरचा. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी आकाशाचा एक छोटा तुकडा एकूण 28 तासांहून जास्त वेळ न्याहाळला. हा तुकडा हबल दुर्बिणीने आधीच खोलवर पाहिलेला होता.

तिथे ‘एयूडीएफएस01’ नावाची दीर्घिका सापडली. तिचा प्रकाश 9.3 अब्ज वर्षं प्रवास करून आलेला. तो निघाला तेव्हा आपला सूर्यसुद्धा जन्मला नव्हता! विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे वाटेत प्रकाशाच्या लाटा 2.42 पट ताणल्या गेल्या. निघताना सुमारे 60 नॅनोमीटरचा असलेला प्रकाश पोचला तो 145 च्या आसपास. याला ताम्रसृती म्हणतात. एवढं ताणूनही तो अतिनीलच राहिला, आणि असा प्रकाश आपली हवा अडवते. म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी.

पुण्याच्या ‘आयुका’तले कनक साहा या पथकाचे प्रमुख. पथकात भारताबरोबर फ्रान्स, स्वित्झर्लंड, अमेरिका, जपान आणि नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ होते. निरीक्षण तासांचं, पण हा प्रकाश खरंच त्याच दीर्घिकेचा आहे याची खात्री करायला जवळजवळ दोन वर्षं गेली. ऑगस्ट 2020 मध्ये ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’त निबंध छापून आला. निष्कर्ष असा की या दीर्घिकेतला आयनीकरण करणारा प्रकाश किमान 20 टक्के बाहेर निसटतो.

हबलला का नाही दिसलं?

हबलचा आरसा 2.4 मीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे 40 पट मोठा. तरी हा प्रकाश त्याला टिपता आला नाही. कारण समजायला आपल्या लिंबायत-उधन्याच्या लूमच्या कारखान्यात जा. तिथल्या खडखडाटात कितीही तीक्ष्ण कानाच्या माणसाला कुजबुज ऐकू येणार नाही. शांत खोलीत साध्या कानालाही येते. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या शोधकयंत्रात स्वतःचा ‘खडखडाट’ फार कमी. ते एकेक फोटॉन मोजतं. म्हणून लहान दुर्बिणीला ती कुजबुज ऐकू आली.

एका दीर्घिकेवरून सगळ्या विश्वाचा निकाल लागत नाही, हेही लक्षात ठेवा. पण असा प्रकाश बाहेर पडू शकतो, हे त्या काळातल्या एका दीर्घिकेत प्रत्यक्ष दिसलं. संशयाला पुरावा मिळू लागला.

आपल्याकडे साधनं कमी आहेत म्हणून मोठा प्रश्न हातीच घ्यायचा नाही, असं आपण किती वेळा ठरवून टाकतो? इथे आरसा लहानच होता. उपयोगी पडली ती शांतता, आणि सापडलेलं तपासत बसायची तयारी.

स्वाध्याय

1. 91.2 नॅनोमीटरचा प्रकाश 2.42 पट ताणला गेला तर किती नॅनोमीटरचा होईल? तो डोळ्यांना दिसेल का?
2. ‘आयुका’चे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांची एक मराठी विज्ञानकथा वाचा. त्यातलं विज्ञान कोणतं आणि कल्पना कोणती, ते वेगळं करून पुढच्या बैठकीत सांगा.