घोड्यांच्या सान्निध्यातील व्यवसाय

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातील बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्यास अश्वक्षेत्रात कोणत्या वाटा आहेत?

उत्तर : अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरचा वारसा घोडदळाचा असला, तरी तेथील प्रशिक्षण आता रणगाड्यांचे असल्याने अशा विद्यार्थ्याने अन्य मार्ग पाहणे श्रेयस्कर ठरते. ‘नीट’द्वारे प्रवेश घेऊन परळ किंवा शिरवळ येथील महाविद्यालयात साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवी मिळवल्यास अश्वचिकित्सेचा, तसेच लष्करी प्राण्यांचे संगोपन व उपचार पाहणाऱ्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरचा मार्ग खुला होतो. पदवीविना नालबंदी, म्हणजे खूर तासून नाल ठोकण्याची कला, अनुभवी नालबंदाच्या हाताखाली शिकता येते. खूर महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढत असल्याने हे काम दर ४ ते ६ आठवड्यांनी करावे लागते, आणि खिळा खुराच्या संवेदनाहीन कवचातून आतल्या जिवंत भागात शिरल्यास घोडा लंगडू लागतो.